हँडल फिरवून सोडायची ती मोटारसायकल: आठवण, यंत्र आणि दुरुस्ती

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ वडिलांच्या नोकरीमुळे १९७५ ते १९७८ या काळात न्यू जर्सीत होते आणि पुण्याला परत येताना त्यांनी ईव्हल कनीव्हल या अमेरिकन मोटारसायकल-कसरतपटूच्या नावाची खेळण्यातली स्टंट मोटारसायकल सोबत आणली होती. माळा आवरताना ती आता पुन्हा हाती लागली आहे. गाडीचे चाक फिरवून तिला सोडणाऱ्या लाल लाँचरचे हँडल फिरते, पण गाडीचे चाक फिरत नाही. स्वाराच्या गुडघ्यातून तार बाहेर आली आहे आणि त्याचा पांढरा पोशाख पिवळसर व चिकट झाला आहे. ती पुन्हा धावेल का, आणि ती नातीला द्यावी की तिच्यासाठी नवी मागवावी, असे त्यांनी विचारले आहे. त्याआधी मात्र त्यांनी लिहिले आहे: "बाकीच्या खेळण्यातल्या मोटारसायकली सोडल्या की आडव्या पडत; ही मात्र सरळ धावत जाऊन फळीवरून उडी मारत असे, असे मला आठवते. हे खरे होते, की आठवणीने वाढवलेले?"

मी यंत्र अभियांत्रिकी शिकलो आणि गेली बरीच वर्षे जुनी यांत्रिक खेळणी दुरुस्त करत आलो आहे. सुरुवात मी या शेवटच्या प्रश्नापासून करतो, कारण त्याचे उत्तर कळले की दुरुस्तीत काय जपायचे आणि काय बदलले तरी चालते, हे आपोआप ठरते. तुमची आठवण बरोबर आहे. ते खेळणे खरोखरच सरळ धावत असे आणि त्यामागे विचारपूर्वक केलेली यंत्ररचना होती.

साध्या खेळण्यातल्या मोटारसायकलीला दोनच चाके असतील, तर ती हाताने ढकलल्यावर हातभर अंतरात पडते. सुरुवातीला तिचा वेग कमी असतो, त्यामुळे चाकेही हळू फिरतात, आणि हळू फिरणाऱ्या हलक्या चाकात गाडीला उभे ठेवण्याची ताकद नसते. म्हणून खेळणी करणारे एकतर बाजूला दोन बारीक आधारचाके लावत किंवा मागचे चाक चक्क रुंद करत. कनीव्हलच्या गाडीत हा प्रश्न उलट बाजूने सोडवला होता. तिच्या मागच्या चाकाला जड चक्राची जोड होती. गाडी लाँचरवर बसवली की लाँचरमधले दाते त्या चाकाशी जुळत आणि हँडलच्या एका फेऱ्यात चाकाचे कित्येक फेरे होत. म्हणजे गाडी जागेवरून हलण्यापूर्वीच तिचे चाक पूर्ण वेगात असे. मग गाडी सुटे. चाकाच्या कडेचा वेग गाडीच्या वेगापेक्षा कितीतरी जास्त असल्यामुळे ते प्रथम फरशीवर घसरत, किंचाळत फिरे आणि हळूहळू पकड घेत गाडीला पुढे रेटे. पहिल्या क्षणी, जिथे बाकीच्या गाड्या पडत, तिथेच ही सर्वांत स्थिर असे.

या स्थैर्याचे कारण आपल्याला भोवऱ्यावरून ठाऊक आहे. जोरात फिरणारा भोवरा कलला तरी लगेच पडत नाही, तो आपला आस फिरवत राहतो. या मागच्या चाकाचेही तसेच होते. गाडी उजवीकडे कलली, तर तिला पाडू पाहणारा जोर तिला पाडण्याऐवजी उजवीकडे वळवतो. डावीकडे कलली तर डावीकडे. म्हणून ही गाडी पडण्याऐवजी वळण घेत असे. चाकाचा वेग कमी होत गेला की वळणे लहान लहान होत जात आणि शेवटी एका घट्ट गिरकीत गाडी आडवी होई. ती शेवटची गिरकी तुम्हाला आठवत असेल, तर तुम्ही भौतिकशास्त्राचा एक नियम डोळ्यांनी पाहिला आहे, एवढे मी खात्रीने सांगतो.

उडीच्या बाबतीतही हेच. ढकललेली गाडी फळीवर चढताना वेग गमावते. ही गाडी फळीवरही रेटा घेत राही, कारण चाकातली साठवण अजून संपलेली नसे. हवेत गेल्यावरही चाक फिरतच असे, त्यामुळे ती कडेला कलंडत नसे. उडीची लांबी वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, गाडी सेकंदाला ३ मीटर वेगाने २० अंशांच्या फळीवरून सुटली आणि फळीच्या टोकाच्याच उंचीवर उतरली, तर ती साधारण ५९ सेंटिमीटर जाईल; सेकंदाला ४ मीटर वेग असेल, तर तेच अंतर एक मीटरच्या पुढे जाते. चाकातली ऊर्जाही त्याच्या वेगाच्या वर्गानेच वाढते. त्यामुळे हँडलचे शेवटचे चार-पाच जोरकस फेरे आधीच्या सगळ्या फेऱ्यांइतकेच मोलाचे असत. मनगट दुखेपर्यंत फिरवणाऱ्या मुलाची गाडी लांब उडे, आणि हे फळ त्याच्या स्वतःच्या हाताचे असे. विजेरीच्या खेळण्यात हे कधीच येत नाही. माझ्या मते या खेळण्याची ओढ पन्नास वर्षे टिकण्याचे खरे कारण इथेच आहे.

आता त्या माणसाबद्दल थोडे. रॉबर्ट क्रेग कनीव्हल याचा जन्म १९३८ मध्ये अमेरिकेतल्या मॉन्टाना राज्यातल्या ब्यूट या खाणींच्या गावी झाला. ३१ डिसेंबर १९६७ रोजी लास व्हेगासच्या सीझर्स पॅलेस हॉटेलपुढील कारंज्यांवरून त्याने ट्रायम्फ मोटारसायकलने उडी घेतली. ती थोडक्यात हुकली आणि तो ज्या तऱ्हेने फेकला गेला, ती संथ गतीची चित्रफीत पाहूनच अमेरिकेला तो माहीत झाला. पुढे तो हार्ले-डेव्हिडसन एक्सआर-७५० वापरू लागला. ८ सप्टेंबर १९७४ रोजी आयडाहोतल्या स्नेक रिव्हर कॅन्यनवरून तो वाफेवर चालणाऱ्या स्कायसायकल एक्स-२ या रॉकेटातून पलीकडे जाणार होता, पण पॅराशूट सुटतानाच उघडले आणि तो दरीच्या तळाशी उतरला. २६ मे १९७५ रोजी लंडनच्या वेंब्ली मैदानावर त्याने १३ बसगाड्यांवरून उडी घेतली, पलीकडे पोहोचलाही, आणि उतरताना कोसळून कमरेचे हाड मोडून घेतले. त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला ओहायोतल्या किंग्ज आयलंड येथे १४ बसगाड्यांवरची १३३ फुटांची उडी मात्र त्याने नीट पार केली. तुम्ही अमेरिकेत पोहोचलात ते नेमके हेच वर्ष.

खेळणे काढणारी आयडियल टॉय कंपनी तेव्हाही जुनी होती. टेडी बेअर अमेरिकेत लोकप्रिय करणाऱ्या मॉरिस मिक्टम यांनी ती उभी केली होती आणि पुढे १९८० मध्ये रुबिकचा घन याच कंपनीने जगापुढे आणला. कनीव्हलची वाकवता येणारी बाहुली १९७२ मध्ये आली आणि लाँचरसह स्टंट सायकल १९७३ मध्ये. त्यापाठोपाठ व्हॅन, स्कायसायकल, गाड्या असा मोठा संसार उभा राहिला. १९७७ मध्ये कनीव्हलने, आपल्याविषयी पुस्तक लिहिणाऱ्या शेली सॉल्टमन या प्रवर्तकावर बेसबॉलच्या बॅटने हल्ला करून त्याचा हात मोडला. त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली आणि खेळण्यांचा बाजारही उठला. हा भाग मी गाळत नाही, कारण नातीला गोष्ट सांगायची तर ती पूर्ण सांगावी. मात्र खेळण्याचे गुण त्या माणसाच्या वागण्यावर अवलंबून नव्हते. ज्या कोणी ते चाक आणि तो लाँचर आखला, त्याचे काम चोख होते.

भारतात त्या काळी परदेशी खेळणी दुकानात सहसा मिळत नसत. आयातीवर कडक निर्बंध होते, त्यामुळे असे खेळणे कुणाच्या तरी सामानातूनच येई. जत्रेतल्या मौत का कुआँमुळे मोटारसायकलीच्या कसरती आपल्याकडे सर्वांनी पाहिलेल्या होत्या, पण ते हातात घेऊन स्वतः करता येणारे खेळणे वाड्यात किंवा चाळीत एकाकडेच असे. तुमच्या गाडीभोवती जमणारी मुले तुम्हाला आठवतात, असे तुम्ही लिहिले आहे. त्यात नवल नाही.

आता दुरुस्ती. सर्वांत आधी आजच एक गोष्ट करा: स्वाराला गाडीवरून उतरवून वेगळा ठेवा. बाहुली मऊ पीव्हीसीची आहे. तो मऊपणा टिकवण्यासाठी त्यात मिसळलेले तेलकट द्रव्य वर्षानुवर्षे हळूहळू पृष्ठभागावर येत राहते. चिकटपणा त्याचाच आहे. हेच द्रव्य कडक प्लॅस्टिकला लागले की ते प्लॅस्टिक मऊ पडते. अशा कितीतरी गाड्यांच्या सीटवर स्वाराच्या मांड्यांचे खोलगट ठसे मी पाहिले आहेत, जणू कुणी तापलेली वस्तू तिथे टेकवली होती. हे ठसे घासून जात नाहीत. बाहुली वर्तमानपत्रात गुंडाळू नका. कागद ते द्रव्य शोषून घेतो, बाहुली आणखी कडक होते आणि छपाईची शाई पांढऱ्या पोशाखावर उलटी उमटते. बेकिंगसाठी वापरतात तो बटर पेपर चांगला, कारण त्याला काही चिकटत नाही. कोमट पाण्यात भांड्यांच्या सौम्य साबणाचे चार थेंब टाकून मऊ ब्रशने बाहुली पुसावी आणि सावलीत वाळवावी. काही महिन्यांनी चिकटपणा परत येईल, तेव्हा हेच पुन्हा करावे. स्पिरिट, थिनर किंवा नेलपॉलिश काढायचे द्रव यांच्या जवळपासही तिला नेऊ नये. पिवळेपणा घालवण्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवण्याचा उपाय सांगितला जातो. तो कडक प्लॅस्टिकसाठी आहे. मऊ पीव्हीसीवर तो मी करत नाही आणि तुम्हीही करू नये. पिवळेपणा राहू द्या.

गुडघ्यातली तार हा या बाहुलीचा नेहमीचा आजार आहे. तार आतून वाकून वाकून तुटते आणि तिचे टोक त्वचा फोडून बाहेर येते. बाहुली नुसती बसवून ठेवायची असेल, तर टोक बारीक कटरने आत दाबून कापावे आणि छिद्र रेक्झिन जोडायच्या लवचीक गोंदाने बुजवावे. झटपट चिकटणारा कडक गोंद वापरला, तर त्याच्या कडेने मऊ प्लॅस्टिकला नवी चीर जाते. पाय पुन्हा वाकता हवा असेल, तर गुडघ्याच्या मागच्या बाजूने, जिथे नजर जात नाही, तिथे छोटा छेद घेऊन मऊ तांब्याची तार घालावी लागते. नव्या तारेचे दोन्ही टोक वळवून छोटी गोल नाकी करावी, म्हणजे ती पुन्हा त्वचेत घुसत नाही. हे काम घाईचे नाही. स्वार वाकता असणे उपयोगाचे मात्र आहे, कारण त्याचे धड मागे कलवले की वजन मागच्या चाकावर जाते आणि सुटताना पुढचे चाक उचलले जाते. शिवाय उतरताना बसणारा धक्काही त्याचे अंग खाते. ही बाहुली आपटण्यासाठीच घडवलेली होती.

चाक फिरत नाही, यात दोष गाडीचा की लाँचरचा, हे आधी ठरवा. गाडी उलटी धरून मागचे चाक बोटाने फटकारा. चांगले चाक बराच वेळ जवळजवळ आवाज न करता फिरत राहते. ते लगेच थांबले, तर भिंगाखाली आसाकडे पाहा. बहुतेक वेळा तिथे केस आणि धागे गुंडाळलेले सापडतात, आणि अमेरिकेत खेळलेल्या गाड्यांत त्या काळच्या लांब लवेच्या गालिच्यांचे नारिंगी किंवा शेवाळी रंगाचे तंतू असतात. ते पातळ पात्याने कापून चिमट्याने एकेक काढावेत. ओढून काढू नयेत. धागा आसावर आणखी आवळतो. नंतर धातूच्या आसावर शिलाई मशिनच्या तेलाचा एकच थेंब सुईच्या टोकाने द्यावा. गंज सोडवायचा स्प्रे मारू नये. तो प्लॅस्टिकवर, स्टिकरवर आणि चाकाच्या कडेवर पसरतो, आणि कडेला तेल लागले की पकडच जाते. इंजिनाचा चकचकीत भाग म्हणजे प्लॅस्टिकवर चढवलेला धातूचा अतिशय पातळ थर आहे. तो फक्त कोरड्या मऊ ब्रशने साफ करावा. ब्रासोसारखे पॉलिश एकदा फिरवले की खालचे प्लॅस्टिक दिसू लागते आणि तो थर घरी परत चढवता येत नाही.

चाक मोकळे असेल आणि हँडल हाताला अगदी हलके लागत असेल, तर दोष लाँचरमधला आहे. अशा वेळी बहुधा आतले एखादे प्लॅस्टिकचे दातेरी चक्र आसावर घट्ट बसवलेल्या जागी तडकलेले असते आणि आस आतल्या आत घसरत असतो. हँडल फिरवताना करकर आवाज येऊन ते मध्येच अडखळत असेल, तर दाते झिजले आहेत. लाँचर उघडण्यापूर्वी प्रत्येक बाजूचे फोटो काढा आणि जोडावर स्क्रूड्रायव्हरचे टोक खुपसून जोर लावू नका. पन्नास वर्षांच्या प्लॅस्टिकचा लवचीकपणा गेलेला असतो. आत जुने वंगण मेणासारखे घट्ट झालेले दिसेल. ते लाकडी काडीने खरवडून काढावे आणि त्या जागी थोडे सिलिकॉन ग्रीस लावावे. तडकलेले चक्र चिकटवून चालत नाही, कारण सगळा जोर नेमका त्या चिरेवर येतो. नवे चक्र करून घेण्यासाठी दात्यांची संख्या आणि बाहेरचा व्यास मोजा. दात्यांच्या संख्येत दोन मिळवून त्या बेरजेने व्यासाला भागले की मॉड्यूल, म्हणजे दात्यांच्या आकाराचे माप, मिळते. उदाहरणार्थ, २० दाते आणि ११ मिलिमीटर व्यास असेल, तर मॉड्यूल ०.५. एवढ्या माहितीवर नायलॉनचे चक्र थ्री-डी प्रिंट करून देणारे पुण्यात सहज भेटतील. मुंबई-पुण्याच्या पावसाळ्यातल्या दमटपणामुळे आस गंजला असेल, तर तोही त्याच वेळी बदलून घ्यावा.

मूळ सुटे भाग बदलावे की नाहीत, यावर संग्राहकांमध्ये मतभेद आहेत. पेटीबंद वस्तू असेल, तर तिला हात लावू नये, हे मलाही मान्य आहे. तुमची गाडी तशी नाही. तिच्या कडा घासलेल्या आहेत, स्टिकर सुटले आहेत, आणि ते सगळे तिने केलेल्या कामाचे आहे. लाँचरच्या आतले चक्र बाहेरून दिसत नाही. ते बदलल्याने काही जात नाही आणि खेळणे मात्र परत येते. स्टिकर, हेल्मेट आणि रंग यांना हात लावू नका. नवे स्टिकर छापून मिळतात. मी ते लावत नाही.

गाडी चालू झाली की पहिल्या दिवशी हँडल निम्म्या जोरानेच फिरवा. जागा म्हणून मोझॅक टाइल्सची किंवा गुळगुळीत शहाबादीची फरशी उत्तम. सतरंजीवर गाडी झटक्यात सुटते, पण साठवण लवकर संपते आणि धागे पुन्हा आसात जातात. फळीसाठी जाड पुठ्ठा घ्या आणि तो पायथ्याशी किंचित वाकवा, म्हणजे पुढचे चाक टोकदार कोपऱ्यावर आपटून उसळणार नाही. उतरण्याच्या जागी दुमडलेली चादर घाला. तुमच्या लहानपणी ती घालावी लागली नसेल, आता लागेल.

नातीसाठी मात्र नवीच घ्या. हे खेळणे गेल्या काही दशकांत वेगवेगळ्या कंपन्यांनी पुन्हा काढले. २०२० मध्ये कॅलिफोर्निया क्रिएशन्स या कंपनीने लाँचरसह स्टंट सायकल पुन्हा बाजारात आणली. जुनी गाडी लहान मुलीच्या हाती देण्याला माझा विरोध आहे. बाहुलीतली तार पुन्हा टोचू शकते आणि १९७० च्या दशकातल्या प्लॅस्टिकमध्ये व रंगात, आज मुलांच्या खेळण्यांत चालत नाहीत अशी द्रव्ये असू शकतात. नव्या गाडीबाबतही एक काळजी घ्या: नातीचे केस लांब असतील, तर हँडल फिरवण्यापूर्वी ते बांधा, कारण गाडी सुटताना पाहायला मुले जमिनीवर गाल टेकून बसतात आणि फिरते चाक केस ओढून घेते. जुनी गाडी तुम्ही चालवा, तिला पाहू द्या, आणि तिची नवी गाडी शेजारी लावून दोन्ही एकाच फळीवरून सोडा. कुठली लांब जाते, हे तिलाच पट्टीने मोजू द्या.

लाँचर उघडल्यावर आतल्या चक्राचे दाते, व्यास आणि आसाची जाडी एवढी तीन मापे कळवा. चक्र तडकलेले असेल, तर चिरेचा जवळून काढलेला फोटोही पाठवा, म्हणजे ते प्रिंट करावे की पितळेचे कापून घ्यावे, हे सांगता येईल.